आत तीन, बाहेर चार

माझं काम फाटकावर.
मोबाइल काढा, घड्याळ काढा, या टोपलीत ठेवा.
पेट्रोलची गाडी इथंच सोडा, पुढं डिझेलच चालतं.
नाव, वेळ, किती जण. सही.
मागे कारूचं माळरान, मेंढ्यांच्या जुन्या वाटा
आणि माना वर करून बसलेल्या पांढऱ्या थाळ्या.
एकीनंही आजवर माझ्याकडे वळून पाहिलेलं नाही.

परतताना पाहुण्यांचे चेहरे उतरलेले असतात.
या पसाऱ्यात आपण खिजगणतीतही नाही हो, म्हणतात.
मी म्हणतो, बाहेर पडल्याची वेळ लिहायची राहिली.

जूनमधली रात्र, नळात पाणी गोठलेलं.
कूटची पेट्रोलची बकी, सायलेन्सर तारेनं बांधलेला.
शेजारी त्याची आई, आणि आईच्या मांडीवर डोकं टेकून
लेना, ओठ चावत.
वळसा घालून दवाखाना दीड तास. आतून निम्मा.
नियम मला पाठ आहेत.
मी लिहिलं : २.१०, पेट्रोल, आत तीन.
आणि आडसर उचलला.

तिसऱ्या दिवशी लिंडेका आली, हातात कागद.
आठवडाभर ती एका दीर्घिकेचं ऐकत होती.
तिथून ते निघालं तेव्हा पृथ्वीवर
कान असलेलं कुणी नव्हतं, म्हणाली.
कागदावर त्याचा माग, मुंगीच्या पावलांसारखा,
आणि त्याच्यावरून गेलेला काळा, दातेरी पट्टा.
"एका गाडीच्या ठिणग्यांनी
आख्खी दीर्घिका बुडवली, फ्लोरिस. कोण होतं?"

मी वही उघडून दिली.
ती बोट ठेवून वाचत गेली. आत तीन.
बोट सरकलं. बाहेर चार.

मग तिनं कागद पुन्हा उजेडाला धरला.
पट्टा मधेच तुटलेला.
एकवीस मिनिटं इंजिन बंद,
आणि तेवढ्या जागेत मुंगी आपली चाललेली,
काही झालंच नाही अशी.
"पोर रडलं असेल ना?" मी विचारलं.
"असेल. पण रडणं या थाळ्यांना ऐकू येत नाही.
फक्त ठिणगी."

पट्टा कापून टाकावा लागतो; तो कचऱ्यात धरतात.
मी म्हटलं, कापा, पण छापलेला कागद मला द्या.
लेखी ताकीद मिळाली, ती वेगळी.

कागद लेनाच्या घरी लावला होता, पाळण्याच्या वर.
पोरीला दात येतायत.
परवा तिनं तो ओढला,
आणि नेमका एकवीस मिनिटांचा कोपरा
चघळून चघळून ओला केला.