सात हुकांची रेघ

ऑर्डर इंग्रजीत आली. टेक्सासमधलं एक छोटं हॉटेल,
चोवीसशे टॉवेल, पांढरे, काठाजवळ मालकिणीचं आडनाव :
पी, ई, एन, ए.
सोबत बोर्डाचा फोटो. त्यात एनच्या डोक्यावर
एक वाकडी रेघ, सुटलेल्या धाग्यासारखी.
चिट्याल शेठ म्हणाले, राजमल्लू, कचरा दिसतोय, काढ.
इंग्रजीत एनवर काही नसतं.
मीही पाचवीपासून इंग्रजी शिकलेला.
काढली.

ग्राफवर सात हुक, चार बाणे,
एवढीच तिची जागा होती.

नमुना विमानानं गेला. शेठना घाई,
उत्तराआधीच अक्कलकोट रोडला तीन पाळ्या लावून
अख्खा माल विणून, शिवून, घड्या घालून तयार.
मग बाईंचा मेल. इंग्रजीतच, पण रागावलेला नाही :

पेन्या म्हणजे खडक, कडा, डोंगराचं उघडं हाड.
रेघ काढली की उरतं पेना.
आमच्यात पेना म्हणजे दुःख. शिक्षासुद्धा.
आजोबा नदी ओलांडून आले
तेव्हा कचेरीतल्या टाइपरायटरवर ती रेघ नव्हती.
तेव्हापासून शाळेत पेना, बँकेत पेना, लायसन्सवर पेना,
इंग्रजीत मी जन्मभर दुःख अशी सही करत आले.
बोर्ड तेवढा मी स्वतः रंगवलाय.
टॉवेल खडकाचे द्या.

शेठ दोनदा वाचून गप्प बसले.
मग म्हणाले, एवढ्याशा रेघेत एवढं?
आणि जुना लॉट मंगळवार बाजारात गेला,
साठ रुपयांना जोडी.

आता दत्त नगरात गॅलरी-गॅलरीत दुःख वाळत असतं.
कुणाला वाटतं पेनांच्या कंपनीचा माल आहे.
रिक्षावाले मानेभोवती टाकतात,
माझा मेहुणा उन्हात डोक्याला गुंडाळतो,
नाव बरोब्बर कपाळावर येतं.

मी कोंडा. राजमल्लू नरसय्या कोंडा.
घरात, तेलुगूत, कोंडा म्हणजे डोंगर.
करीमनगरकडच्या ज्या गावातून आजोबा मागावर बसायला आले
तिथं तो होता म्हणे, घरामागेच,
शेळ्या चढायच्या, संध्याकाळी मोजून उतरवाव्या लागायच्या.
सोलापुरात डोंगर नाही. नजर टाकली की टाकलेलीच,
कशाला अडत नाही.

आणि शाळेत पहिल्या दिवशी हजेरीत नाव आलं
तसा सगळा वर्ग डोकं खाजवायला लागला.
मराठीत कोंडा म्हणजे धान्याचं टरफल,
नाहीतर खांद्यावर झडतो तो.
काळे गुरुजी चांगले होते, सावरायला म्हणाले,
अरे, म्हण आहे आपल्यात,
भुकेला कोंडा, निजेला धोंडा.
वर्ग आणखी हसला. मीही हसलो,
न हसून कुठं जाणार.

परवा मेल पुन्हा वाचताना ती म्हण आठवली.
धोंडा तिकडे टेक्सासात, कोंडा इकडे मशीनजवळ,
मध्ये इंग्रजी, जिला दोघांतलं एकही ठाऊक नाही.
बाईंना लिहावंसं वाटलं.
पण लिहू काय? तुमची एक रेघ गेली होती, ती सापडली.
माझं काहीच हरवलेलं नाही.
अक्षरं तीच, अनुस्वार तोच, जागच्या जागी.
तोंड बदललं की डोंगराचा भुसा होतो,
त्याला कुठला हुक उचलणार?

नव्या लॉटच्या रात्री मीच उभा राहिलो मशीनवर.
पी आलं, ई आलं, एन आलं.
मग एनच्या वर, रिकाम्या पांढऱ्यात,
सात हुक उठले, बसले, उठले.
चौथ्या बाण्याला खडक झाला.
शेजारच्या मशीनवरच्या इराबत्तीला दाखवला.
म्हणाला, साप आहे काय रे?

पाळी संपवून घरी आलो, तोंड धुतलं,
खुंटीवरच्या जुन्या लॉटला पुसलं.
माल वाईट नव्हता.
पाणी चांगलं शोषतो.