साखळीचं माप

महिनाभर पहाटे गाडी सुरू करताना
दोन सेकंद खडखड व्हायची,
डब्यात सुपाऱ्या हलवाव्यात तशी.
मी रेडिओ मोठा करायचे.
मी, जी वॉर्डात रोज विचारते,
"इतके दिवस अंगावर का काढलंत?"

मग एका गुरुवारी, नाइट संपवून येताना,
बंदराच्या रस्त्यावर पिवळा दिवा लागला.

सोहारच्या सनायात, टायरच्या दुकानामागे
इद्रिसभाई हुर्जुक. मूळ म्हसळ्याचे.
स्टिअरिंगखाली वायर जोडून त्यांनी यंत्रात पाहिलं.
"पी, शून्य शून्य एक सहा."
मला वाटलं, बेड नंबर सांगतायत.

"बाय, हा पत्ता हाय, चोराचं नाव नाय.
खालचा दांडा नि वरचा दांडा,
दोघांच्या वेळा जुळत नायत.
खालच्यानं दोन फेरे मारले की वरच्याचा एक.
ठरलेलं असतं, करारासारखं."
दोन वर्षांत एकदा तिकीट, मी मनात म्हटलं.
बोलले नाही.

आधी तेलाची पट्टी काढली.
काळं, काकवीसारखं, टोकाला जेमतेम टेकलेलं.
"शेवटचं कधी बदललं?"
असले प्रश्न विचारणारी मी.
उत्तर देताना लोक कुठे बघतात ते मला ठाऊक आहे.
मी तिथेच बघितलं.

तेल बदललं, दिवा पुसला. दिवा परत आला.
वाल्वची जाळी धुतली, खसखशीएवढा गाळ निघाला.
वायरी हलवून बघितल्या. परत आला.
"सेन्सरच बदलून टाका ना," मी म्हणाले, तो स्वस्त म्हणून.
"सांगणाऱ्याला मारून काय मिळणार?"

"आठवडाभर चालवू का? पगार सत्तावीसला."
त्यांनी एक मूठ दुसऱ्या मुठीवर खालून आपटली.
"साखळी सरकली, की झडपा पिस्टनवर.
मग इंजिन नाय, भंगार."
आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली.

दिवसा लोखंडाला हात लावता येत नाही इथे.
रात्री उघडलं, इशाच्या नमाजानंतर.
प्लास्टिकची पट्टी तुटून तळाशी पडली होती.
पुठ्ठ्यावर खिळा ठोकून
जुनी आणि नवी साखळी शेजारी ताणली.
जुनी अर्ध्या कडीनं लांब.
"एवढंच?"
"एवढंच."

कुठली कडी वाढली ते मी शोधत बसले.
कुठलीच नाही.
सगळ्याच, केसाएवढ्या.

तेवढ्यात श्रीरामपूरहून रुबेनचा फोन.
इथे नऊ, तिथे साडेदहा, त्याचे डोळे मिटत आलेले.
तो बोलला, मी बोलले, दोघं एकदम,
मग दोघं गप्प.
तू बोल.
नाही, तू.
आधी आम्ही नेटवर्कला शिव्या द्यायचो.

रंगीत कड्या ठिपक्यांवर बसवून झाल्यावर
इद्रिसभाईंनी पाना माझ्या हातात दिला.
"स्टार्टर मागून. आधी हातानं दोन फेरे.
अडलं तर जोर करायचा नाय, थांबायचं."
मी फिरवत गेले, दुखऱ्या खांद्याचा व्यायाम घ्यावा तशी.
एकदा वाटलं, अडलं. थांबले.
माझंच मनगट होतं ते.
दुसरा फेरा संपला तेव्हा
दोन्ही चाकांवरचे ठिपके पुन्हा आपापल्या जागी.

पंच्याऐंशी रियाल, दोन हप्त्यांत.
"दर पाच हजाराला तेल," ते म्हणाले,
"आणि सकाळी रेडिओ बंद."
रेडिओचं मी त्यांना सांगितलं नव्हतं.

उन्हाच्या झापेमागे आता एक कागद असतो,
वॉर्डातल्या चार्टसारख्या रेघा ओढलेला.
आजची नोंद, पहाटे पाच चाळीस:
तेल खुणेवर. दिवा नाही. आवाज नाही.
रुबेनला फोन केला,
त्याचं बोलणं संपेपर्यंत
मी काही बोलले नाही.