इतर साहित्य

टेम्पोतून उतरवली तेव्हा त्यांना कान नव्हते.
कान वेगळ्या पोत्यात आले, चिठ्ठ्या बांधून:
टॉवर चौक, डावा. टॉवर चौक, उजवा.
मोजून घेतले अठरा, सही केली,
आणि रजिस्टरात कुठला रकाना ते कळेना
म्हणून ‘इतर साहित्य’खाली लिहिले.

नऊ गाढवं. आत बांबू, वर केळीच्या सोपटांचा पीळ,
रावेरकडच्या बागांतला, घड उतरल्यावर बांधावर सडणारा.
दोन पुरुष उंच एकेक.
करणारी बाई चोपड्याची, वैजयंता अहिरे.
तिच्या बोटांवर केळीचा काळा चीक.
‘हा आता माझ्यासोबतच जळेल,’ म्हणाली,
आणि माझ्याच डब्यातली मिरची उचलून खाल्ली.

पहिले तीन दिवस शहराला राग आला.
वाघ चालला असता. हत्ती तर धावला असता.
‘आपला शहरमा गधडंच का बरं?’
एकांनी निवेदन दिलं,
दुसऱ्यांनी विचारलं, तोंड कुणाच्या कार्यालयाकडे आहे?
दोन अंश फिरवून घेतलं. मीच धरली शेपटी.

चौथ्या दिवशी एका पोरानं
चार पायांमधून सायकल काढली, हात सोडून.
तिथून फिरलं सगळं.

मग भुसावळहून माणसं येऊ लागली, पाचोऱ्याहून, जामनेरहून.
बारावीत आपटलेली अकरा पोरं ओळीनं उभी राहिली,
बारावं गाढवच, म्हणाली, आणि खिदळली.
एक सासू सुनेला म्हणाली, अजून थोडी चिकट त्याला,
माहेरी पाठवायचाय फोटो.
वेफरवाल्यानं कढई चौकात आणली.
मेहरूणच्या तलावाकाठचं होतं त्याच्या खुराला
कुणी कुंकू लावून गेलं;
दुसऱ्या दिवशी नारळ.
नारळ मी घरी नेला. चटणी चांगली झाली.

रात्री मात्र मी आणि ती.
पंचेचाळीसच्या उन्हात सोपटं इतकी वाळत
की अंधारात कडकड वाजायची,
जणू आतून कुणी बोटं मोडतंय.
विडीची एक ठिणगी पुरली असती.
मी बादलीनं पाणी मारायचो, पोटाखालून, मानेवरून,
ओल्या केळीचा वास सुटायचा
आणि मी चौकात एकटाच बागेत असायचो.

एका सकाळी यादव बेलदार विटा घेऊन आला,
सहा गाढवं, खरी.
पुढचं थांबलं. वर पाहिलं.
मग सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखं,
त्यानं त्या मोठ्याची शेपटी खायला घेतली.
गर्दी ओरडली. एक मुलगी मोबाइल धरून म्हणाली,
‘काका, तुमचं जनावर जरा बाजूला घ्या ना,
गाढव झाकलं जातंय.’
यादवनं दोरी ओढली.
मग ती माझ्याकडे वळली, ‘तुम्हीपण.’

मी सरकलो. रोजच सरकत होतो.
तरी जळगावातल्या निम्म्या मोबाइलांत
कडेला कुठेतरी एक खाकी बाही असेल,
कोपरावर ठिगळ. ती माझी.

चाळीस दिवस संपले.
मुदत वाढवा म्हणून सात हजार सह्या आल्या, साहेबांनी वजन करून पाहिल्या.
‘तात्पुरतं म्हणजे तात्पुरतं,’ ते म्हणाले,
‘उद्या ही कायम करा म्हणतील.’
मी पंख्याकडे पाहत राहिलो.
माझी ऑर्डर अकरा महिन्यांची असते.
मधे एक दिवस खंड, पुन्हा अकरा.
एकोणीस वर्षं.

आधी कान काढले. मग टेम्पोत चढवली.
पहाट होती, कुणी फोटो काढला नाही.
टॉवर चौकात रिक्षावाले अजून विचारतात,
गाढवाच्या अलीकडे की पलीकडे?

रजिस्टरात लिहिलं: आले अठरा, गेले सतरा.
एक गहाळ.

तो घरी खिडकीत टांगलाय, टॉवर चौक, डावा.
बायको त्यात कांदे ठेवते.
दमट दिवसांत सोपट ओल धरतं
आणि आतल्या कांद्यांना कोंब फुटतात.
ती चिडते. म्हणते, टाका भो हे एकदाचं.
टाकतो म्हणतो.