सत्तेचाळीस नंबर

चाळकेवाडीच्या सड्यावर
सत्तेचाळीस नंबरची पवनचक्की उतरवतायत आज.
विठू झोरे बघत बसलाय,
बावीस वर्षं तिची राखण केलेला.

पातं आडवं ट्रेलरवर, पांढरं, उन्हात.
इतकं लांब असेल असं
खालून कधी वाटलं नव्हतं.

वीज तारेनं गेली कुठंतरी लांब.
झोऱ्यांच्या वस्तीवर मीटर आला
तो गेल्या शिमग्याला.

नवी येणार, दुप्पट उंच.
साहेब म्हणाला, राखणदार नको, कॅमेरे आहेत.
ग्रामसभेत थोरली सून उठली :
"कॅमेरा चढंल व्हय, बोल्ट आवळायला?"

नात आता साताऱ्याला, आयटीआयत.
कमरेला पट्टा, डोक्यावर हेल्मेट,
असा फोटो धाडलाय.

वर वारा कसा लागतो
तेवढं सांग म्हणावं पोरी,
मी खालीच होतो.