प्रत्यय लागल्यावर

बासष्ट प्रकल्प, विषय एकच : माझे गाव.
ऐरोलीच्या कॉलेजात स्टाफरूमचा पंखा तीनवर,
लाल पेन दुसरं. पहिलं काल 'आणी'वर संपलं.

'आणी'चं आता काही वाटत नाही.
'परीस्थीती' दिसली की मात्र मी चहा मागवते.
होळी 'उस्ताहात' होते, असं सातजणांनी लिहिलंय,
म्हणजे कुणातरी एकाचं बघून.
उत्साह उलटा झाला तरी कमी झालेला नाही.

रोल नंबर एक्केचाळीस. प्रणित मढवी, गोठिवली.
नावातलाच 'णि' दीर्घ हवा.
केला. मग खोडला. आधारकार्डाशी कोण भांडणार?
पान तीन : 'आमची जमिन होती.'
पान चारवर आणखी पाचदा 'जमिन'.
सगळ्यांना गोल केले, समासात लिहिलं :
'मी' दीर्घ. प्रत्यय लागला की ऱ्हस्व.
जमीन, पण जमिनीला, जमिनीचा.

बुधवारी आला. हातात हेल्मेट,
महापेच्या गोदामातली रात्रपाळी डोळ्यांत.
मॅडम, नियम कळला, म्हणाला,
पण आमच्या घरात ती प्रत्ययाशिवाय आलीच नाही कधी.
जमिनीचे पैसे.
जमिनीचे साडेबारा टक्के.
जमिनीची केस, काकांनी बाबांवर टाकलेली.
जमिनीवर ते सतरा मजले,
हनुवटीनेच त्याने खिडकीबाहेर दाखवले.
('वर' शब्दयोगी आहे, प्रत्यय नव्हे. मी गप्प राहिले.)
नुसतं 'जमीन' आजोबा म्हणायचे.
त्यांना लिहिता येत नव्हतं.

गुण मी वाढवले नाहीत.
खरं तर अर्धा वाढवला, आणि तोही खोडला.
उद्या स्पर्धा परीक्षेत
याचे आजोबा कोण विचारात घेणार आहे?

दारापर्यंत गेला आणि वळला.
अजून एक, मॅडम. शेवटी तुमचा शेरा आहे,
'शुध्दलेखनाकडे लक्ष द्यावे.'
त्यात द आधी येतो ना? मग द ला ध?

बासष्टच्या बासष्टांवर तोच शेरा,
माझ्या वळणदार अक्षरात, खाली दोन रेघा मारून.
चोवीस वर्षं मी शिकवतेय.

गठ्ठ्याची नाडी पुन्हा सोडली.
थांबू का, त्याने विचारलं, शिफ्ट आठची आहे.
मी खुर्चीवरची पर्स उचलली.
एकतीस त्याच्यापुढे, एकतीस माझ्यापुढे.
लाल पेन एकच होतं.
त्याने खिशातून हिरवं काढलं,
मॉडरेटरचं असतं तसं.