उघाडी

पोयनाडच्या पुढे, खारबंदिस्तीवर
उघाडीची फळी उचलतो हिराजी.
कधी उचलायची, ते ठरवते गावकी.
चुकलं तर ऐकून घेते जनीआत्या,
जिचं बंदिस्तीत शेतच नाही.

एका वर्षी म्हणालो, कशाला तीन घरं फिरायची?
जोमा शहाणा आहे. सगळं त्यालाच द्या.

जोमा वाईट नव्हता.
त्याच्या तळ्यात जिताड्याची पिल्लं यायची होती,
एवढंच.
अवसेच्या उधाणाला फळी वर राहिली.

सकाळी भातात गुडघाभर खारं पाणी.
तक्रार न्यायची कुठे?
जोमाकडेच.
त्याने शांतपणे ऐकलं, चहा पाजला,
निकाल दिला:
चूक समुद्राची.

आता पुन्हा तीन घरं फिरतो.
हिराजी कुरकुरतो, एका फळीला एवढी माणसं?
जमिनीतलं मीठ निघायला तीन पावसाळे गेले.
जिभेवरचं आहे अजून.