लाईट गई का उठी बसतस

हतनूरच्या फुगवट्यातला कटला
सव्वासहाला भुसावळात येतो,
मोटरसायकलच्या मागे बांधलेल्या थर्माकोलच्या पेटीत,
आणि पेटीच्या कोपऱ्यातल्या भोकातून
रस्ताभर पाणी गळत राहतं.
कुणी नवखा विचारतो, भोक बुजवत का नाही मावशी?
सुपडाबाई त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

खाली बर्फ, वर केळीचं पान, पानावर मासा,
पुन्हा पान, पुन्हा बर्फ.
बर्फाचं टोक कातडीत घुसलं
की तिथूनच मासा जायला लागतो, म्हणते.
वितळलेलं पाणी मात्र थांबता कामा नये.
मासा त्यात बसला, की संपला.

मी तिचा भाचा.
कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये
बशा धुतो, आगार ओततो,
आणि सर नसले की मोजतोही.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
एकाच कटल्याचे तीन तुकडे केले.
एक उघडा, ताटलीत, ओल्या गोणपाटाखाली.
एक पन्नीत, वर गाठ, फ्रीजमध्ये.
एक हवा ओढून घेतलेल्या पिशवीत, त्याच फ्रीजमध्ये,
घट्ट, जणू पिशवीलाच कातडी फुटलेली.

पहिला दुपारच्या आत बोलायला लागला.
बोटाला तार सुटली. शिपायाने खिडक्या उघडल्या.
बशीवर ठिपके इतके, की मोजणं सोडून
वहीत लिहिलं: असंख्य.

दुसऱ्याने चार दिवस काढले.
गारठ्यातही चालणारे काही असतातच,
हळू, रात्रपाळीवाल्यांसारखे.
पन्नीत आतून दव धरलं,
गाठ सोडली तेव्हा वास आधी बाहेर आला,
तुकडा मागून.

तिसरा आठव्या दिवशीही गुलाबी.
हवाच नाही, तर हवेवर जगणारे करतील काय?
पण मध्ये एका रात्री अकराला लाईट गेली होती,
आली ती थेट पाचला.
पिशवीवर त्या रात्रीची एक खूण नाही.

ती पिशवी घेऊन मी बाजारात गेलो.
सुपडाबाईने अंगठ्याने दाबून पाहिली.
कल्ला शोधला. तुकड्याला कुठला कल्ला?
डोळा शोधला. नाकाशी नेली.
प्लॅस्टिकला प्लॅस्टिकचाच वास.
“हाई तं काहीच बोलत नही,” म्हणाली,
आणि परत दिली, दोन बोटांत धरून.

मी पुस्तकातलं सांगू लागलो:
हवेशिवाय वाढणारेही असतात, आत्या,
त्यातल्या एकाचं विष असं की त्याला वास नाही,
म्हणून पिशवी कितीही घट्ट असो, गारवा तुटता…
तिने बर्फाची लादी फोडायला घेतली.
माझं वाक्य त्या आवाजात गेलं.

“बरफ मारत नही रे,
बरफ निस्ता झोपाडस.
लाईट गई का उठी बसतस.”

कोण उठून बसतं, हे तिने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
सूक्ष्मदर्शकाला तिने कधी डोळा लावलेला नाही,
आणि माझा हात
सकाळभर बर्फात राहिलेला नाही.

तेवढ्यात रेल्वे कॉलनीतली बाई आली,
ताजा आहे का, म्हणाली, आजचाच ना?
सुपडाबाईने कल्ला उचलून दाखवला,
आत लालभडक.
बाईने तरी भावात वीस रुपये पाडले.

दीडला पेटी रिकामी.
चिंबलेली पानं शेळीने नेली.
पिशवी मी लॅबमध्ये परत आणली,
ऑटोक्लेव्हमध्ये घातली, वहीत तारीख टाकली,
निष्कर्षाची ओळ तशीच ठेवली.

तिकडे तिने पेटी चुलीच्या पाण्याने धुतली असणार,
आणि पालथी घातली असणार पत्र्यावर.
एवढ्या उन्हात भोकातून आत
एक रुपयाएवढं ऊन पडतं,
तासातासाने सरकत जातं,
संध्याकाळपर्यंत पेटीचा एक कोपरा तरी बघून येतं.